भाषणात नसलेली आत्या

राजारामपुरीत दवाखान्याच्या वर दोन खोल्या घेऊन मी सॉफ्टवेअरची कंपनी काढली. आपल्या शहरात स्टार्टअप यायला काय लागतं, यावर मी भाषणंही ठोकायचो. इंटरनेट, विमानतळ, गुंतवणूकदार. आता कुणी विचारलं की डोकं खाजवत बसतो.

भागीदार म्हणत होता, कंपनी पुण्याला हलवू, मोठी कामं तिकडंच मिळतात. त्याचं चुकत नव्हतं, तीच तर कटकट. आमच्याकडची सगळ्यात हुशार पोरगी गडहिंग्लजकडची. इथं आत्याकडे राहायची, शनिवारी एसटीनं गावी जायची. ती पुण्याला येईल का, हे तिच्या वडिलांनाच विचारावं असं मी ठरवलं.

त्या शनिवारी ते स्वतःच तिला न्यायला आले. पावणा आला की आधी जेवण, मग कामाचं बोलणं, हे आमचं वळण. त्यात आणि वाईट बातमी उपाशी माणसाला कशी सांगायची? दोघांना घेऊन खानावळीत गेलो. त्यांना मी पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा वाढायला लावला. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होतो.

हात धुऊन आल्यावर तेच बोलले. "सायेब, नेसरीचं स्थळ आलतं. चांगलं घर हाय. पर पोरगी कामाला लागलीया, लगीन मागनं बघू म्हणून सांगून आलो. हितं आत्या हाय म्हणून धाडली बघा. पुण्यात आमचं कोण न्हाय." मग माझ्याकडं बघत म्हणाले, "तुमी हितंच हाय न्हवं?"

माझ्या एकाही भाषणात आत्या नव्हती. मला स्वतःचाच राग आला. भागीदार खरा की हा बाप खरा, काही उमजेना.

"हितंच की," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. ते खरं होतं की खोटं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

वडील पान घ्यायला पुढं गेले. पोरगी मागं थांबली.

"सर, पुण्याचं मला म्हाईत हाय. दुसऱ्या सरांनी सांगितलंय."

"मग घरी बोलली नाहीस?"

"बोलले असते तर नेसरीला हो म्हटलं असतं त्यांनी." तिनं पिशवी खांद्याला लावली. "सोमवारी येऊ न्हवं?"

"ये की," मी म्हणालो. भागीदाराला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.