दासोहाचा निरोप

हुमनाबादच्या बसस्टँडजवळ राजशेखरचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे पूर्वी नेट कॅफे होता, आणि तिथल्या एका खडखडत्या कॉम्प्युटरवर राजशेखर ‘सीमाकट्टा’ चालवायचा. सीमाकट्टा ही त्याने स्वतः खटपट करून उभी केलेली वेबसाइट. बीदर-गुलबर्ग्याकडची, पोटापाण्यासाठी पुण्या-हैदराबादला पांगलेली माणसं तिथे येऊन गप्पा हाणायची. निम्मं मराठी, निम्मं कन्नड, मध्येच उर्दूची फोडणी. भांडणंही झकास व्हायची. खरं नाव मात्र कुणी लावायचं नाही. कट्ट्यावर बसणाऱ्याला आडनाव विचारायचं नाही, हा राजशेखरचा नियमच होता.

उन्हाळ्यात एखादा सोयीचा रविवार बघून तो दासोह घालायचा. येईल त्याला पोटभर जेवण. कोण, कुठला, हे विचारायचं नाही, आणि एकेकाला वेगळं आमंत्रणही द्यायचं नाही. कट्ट्यावर निरोप लावायचा. ज्याने वाचला, तो आला. पहिल्याच वर्षी ‘औरादचा वाघ’ म्हणून गर्जना करणारा गडी आला, तो निघाला धम्मानंद, अंगाने किडमिडीत शाळामास्तर. सगळ्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. तो राजशेखरच्या शेजारी पंगतीला बसला आणि हुग्गी, म्हणजे आपली गव्हाची खीर, पुन्हा पुन्हा मागून घेतली. ते शेजारचं पान पुढे दरवर्षी त्याचंच.

मग एका बड्या कंपनीने फुकट ग्रुप द्यायला सुरुवात केली. जागा फुकट, फोटो फुकट, सांभाळायची कटकट नाही.

“फुकट कामून द्यायलेत हे?” बायकोने, भुवनेश्वरीने, विचारलं.

“आपण दासोह घालताव की! दुसऱ्यानं घालू न्हाई व्हय?”

भला माणूस, पण किती भाबडा! सगळ्यांना त्याने ग्रुपवर हलवलं आणि जुना कट्टा स्वतःच्या हाताने बंद केला. त्याचं त्याला आजही वाईट वाटतं.

ग्रुपवर कुणाला काय दाखवायचं, हे कंपनी ठरवायची. आधी मधूनमधून साड्यांच्या जाहिराती आल्या, मग जाहिरातींतून मधूनमधून माणसं दिसू लागली. यंदा दासोहाचा निरोप लावला, तर खाली कंपनीची सूचना : पैसे भरा, जास्त लोकांना दाखवू. राजशेखर भडकला. दासोहाला कुणी पैसे मोजून माणसं बोलावतं का? त्याने भरले नाहीत.

रविवारी हुग्गी शिजली, भाकऱ्या झाल्या, सतरंज्या पडल्या. राजशेखर दारात उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं, तरी कुणी आलं नाही. शेवटी भुवनेश्वरीने पातेली रिक्षात घातली आणि हायवेच्या ढाब्यावर लॉरीवाल्यांना वाढून आली. अन्न वाया गेलं नाही. राजशेखर मात्र जेवला नाही. “इसरले समदे,” एवढंच तो म्हणाला, आणि रागाच्या भरात कुणाला विचारायलाही गेला नाही.

पुढच्या आठवड्यात धम्मानंद दुकानात आला. खुर्ची पुढे केली, तरी बसला नाही.

“अण्णा, एवढं इचारून जातो. ढाब्यावर कळलं, दासोह झाला म्हणून. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून जेवलाव. आता आमचंच पान नको झालं व्हय?”

राजशेखरने मोबाइल काढून निरोप दाखवला. धम्मानंदने आपला मोबाइल काढला, तोच ग्रुप उघडला, बोटाने सरकवत राहिला. साड्या होत्या, कुकर होते. निरोप नव्हता.

“मला वाटलं, आमी कोण हाव ते आता आठवलं तुमाला...” धम्मानंद खुर्चीत बसला.

राजशेखरने चहा मागवला. त्याचे डोळे भरून आले होते. “मास्तर, तुमी तोंडावर इचारलं म्हणून कळलं. बाकीच्यांनी काय समज करून घेतला असंल?”

त्यांना विचारायचं तरी कसं? कुणाचा नंबर नव्हता, खरी नावंसुद्धा धड ठाऊक नव्हती. नियम त्याचाच होता. त्याने ग्रुपवर लिहिलं : ‘दासोह झाला. निरोप सगळ्यांना होता. कुणालाही वगळलं नव्हतं.’

धम्मानंदने आपला मोबाइल काउंटरवर ठेवला. आता तो मजकूर येईल, मग येईल, म्हणून दोघं त्याच्याकडे बघत बसले. चहा निवला. मोबाइलवर साड्यांची नवी जाहिरात आली.