पहिली चाल समोरच्याची

दाजीबानपेठेतल्या कापडदुकानदाराची मुलगी उत्तरा धारवाडच्या एका कॉलेजात अकरा वर्षं गणित शिकवते, आणि अजून ‘अतिथी’ व्याख्याती आहे. अकरा वर्षं राबणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणायची रीत कुठल्या गावची, ते त्या कॉलेजलाच ठाऊक!

चार वर्षं खपून तिने एक प्रमेय सिद्ध केलं. वर्तुळावर एकाच मापाची पावलं टाकत कायम चालत राहिलं, तरी काही जागा अशा असतात की त्यांच्याभोवती ठरवून दिलेल्या हद्दीत एकही पाऊल पडत नाही. हद्द मात्र पावलागणिक अरुंद होत जाते. वर्तुळ उलगडून त्याची रेषा केली, की अशा जागा एका खेळाने शोधतात. समोरचा आधी रेषेचा तुकडा घेतो, आपण त्यातला ठरलेल्या प्रमाणातच लहान तुकडा घ्यायचा, मग तो त्यातला, पुन्हा आपण. शेवटी उरलेला बिंदू अशी जागा निघाली, तर आपण जिंकलो. समोरचा कितीही आडमुठा खेळो, जिंकता आलंच पाहिजे. उत्तराचं प्रमेय याच्या पुढचं होतं, पण डाव हाच.

विभागप्रमुख बाळाचार्य सरांना तिने लेख वाचायला दिला. महिन्याभराने, चर्चासत्राच्या सकाळी, तोच छापून वाटला गेला. वर नाव एकट्या बाळाचार्यांचं. शेवटी बारीक अक्षरात ‘टंकलेखनासाठी उत्तरा यांचे आभार’. टंकलेखन! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक सरांच्या खोलीत गेली.

“सर, हे काय?”

“इरली बिडु, सोड की गं,” सर म्हणाले. “माझ्या नावानं लवकर छापतंय. पुढच्या वर्षी तुझं कायम करायचं बघू.”

हे ‘बघू’ ती दर वर्षी ऐकत आली होती. बाहेर येऊन तिने दुसरं पान उघडलं. समोरच्याने पहिला तुकडा मोठा घेतला, तर तो पुरेसा लहान होईपर्यंत काही चाली नुसत्याच खेळायच्या, असं तिने लिहिलं होतं. सरांनी ते फालतू म्हणून कापलं होतं. तिथे आता होतं: ‘पहिला तुकडा लहान घेऊ.’ घेऊ म्हणे! जन्मात कधी कुणासाठी थांबावं न लागलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

सरांचं भाषण संपलं. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर उत्तरा उठली.

“सर, एक डाव खेळून दाखवा ना. मी समोरची.” तिने फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. “हा माझा तुकडा.”

“एवढा मोठा घ्यायचा नसतोय.”

“का सर? पहिली चाल माझी आहे.”

सरांनी एक पान उलटलं, मग दुसरं. पुढच्या रांगेतले बाहेरगावचे प्राध्यापक खुर्च्या ओढून पुढे सरकले. सर हसले. “बरं, तूच दाखव की. तुला पाठ असेल.”

दाखवलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तेही त्यांच्या लेखात गेलं असतं. चोर तो चोर, वर शिरजोर!

“दाखवते. आधी सिद्धता कुणाची, ते नाव फळ्यावर लिहा.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोरच.”

फळ्याच्या माथ्यावर सरांचं नाव आधीच ठसठशीत लिहिलेलं होतं. त्यांनी खाली, बारीक अक्षरात, ‘उत्तरा’ लिहिलं.

उत्तराने डस्टर घेतलं, वरचं नाव पुसलं आणि खेळायला सुरुवात केली.