दमधऱ्यांचे तीन सेकंद

त्यांचं आडनाव दमधरे नव्हतं. रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेनं ते त्यांना चिकटवलं होतं, कारण कुणी घाई केली की हा माणूस मान वर न करता म्हणायचा, "जरा दम धरा." संगणक विभागात ते एकटेच जुने. बाकीचे कालपरवा आलेले, आणि तेही घोड्यावर बसून.

तपासणीच्या यंत्राला एक खोड होती. नळीतलं रक्त तपासून झालं की ते संगणकाला 'झालं' असा निरोप द्यायचं. पण हजारात चार-पाच वेळा निरोप आधी यायचा आणि आकडा मागून. तेवढ्यात प्रोग्रॅमनं आकडा उचलला, तर आधीच्या माणसाचा आकडा पुढच्याच्या रिपोर्टमध्ये जायचा. दमधऱ्यांनी यंत्राशेजारी स्टूल टाकून दोन दिवस स्टॉपवॉचवर हा उशीर मोजला होता. जास्तीत जास्त अडीच सेकंद. मग त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: थांब, ३. पुढची अकरा वर्षं एकही रिपोर्ट चुकला नाही, आणि याबद्दल कुणी त्यांना साधा चहाही विचारला नाही.

मग नवे साहेब आले, वयानं त्यांच्या मुलाएवढे. जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत लिहायचा होता. साहेबांनी कुठे किती वेळ जातो ते मोजलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की रोज बाराशे नळ्या, प्रत्येकीला तीन सेकंद, म्हणजे काकांचा प्रोग्रॅम दिवसाला एक तास नुसता झोपा काढतो. सगळे हसले. दमधऱ्यांना ते फार झोंबलं.

दीड महिना ते त्या एका ओळीसाठी भांडले. शेवटी लिहूनच दिलं, की ओळ गेली तर मीही जातो. घरी बायको म्हणाली, "अहो, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. तीन सेकंदांसाठी नोकरीवर लाथ मारताय?"

"ते सेकंद माझे नाहीत," ते म्हणाले. "ज्याचं रक्त आहे, त्याचे आहेत."

साहेब नमले. ठेवा तुमचे तीन, म्हणाले, पण ती ओळ तुम्हीच लिहा.

आणि इथेच दमधऱ्यांनी माती खाल्ली. जुनी भाषा सेकंद मोजायची. नवी सेकंदाचा हजारावा भाग मोजते. हे त्यांना ठाऊक होतं, वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण भांडण जिंकलेल्या माणसाचा हात कुठला थांबायला? त्यांनी ऐटीत लिहिलं: थांब, ३. तीन हजार लिहायला हवं होतं.

नव्या प्रोग्रॅमच्या चाचणीला सगळ्या नळ्या एकाच बाटलीतल्या रक्तानं भरल्या होत्या. आधीचा आकडा पुढच्याला लागला तरी कळणार कसं? उलट नवा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर काम रोज तासभर लवकर उरकू लागलं. "बघा," दमधरे सगळ्यांना सांगत सुटले, "थांबूनसुद्धा वेळ वाचतो." तो तास कुठून वाचला, हा हिशेब त्यांनी केला नाही. कौतुक चाललेलं असताना हिशेब कोण करतं!

एकोणिसाव्या दिवशी एक बसचालक गाडी चालवता चालवता कोसळला. त्याच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट उत्तम आला होता, पण तो आकडा त्याच्या आधीच्या नळीचा होता. आता दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. साहेबांना चूक सापडायला दहा मिनिटं लागली. त्यांनी दार लावून दमधऱ्यांना ती ओळ दाखवली. आवाज चढवला नाही. बाहेर यंत्राचा दोष म्हणून सांगू, म्हणाले, तुम्हीही गप्प राहा. दमधऱ्यांना लाज इतकी वाटली, की साहेबांकडे बघवेना.

दोन दिवसांनी चालकाची बायको कागदपत्रं न्यायला आली. थांबायचं की नाही यावरून इथे भांडण झालं होतं, एवढं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. ती दमधऱ्यांचं टेबल विचारत आली.

"यांच्या बाजूनं तुम्ही एकटेच भांडलात म्हणे," ती हात जोडून म्हणाली. "तुमचं ऐकलं असतं, तर आज हे घरी असते."

दमधरे खुर्चीतून उठले. ओळ मी लिहिली, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. ती वाट बघत उभी होती.

"कुणी ऐकतच नाही हो," ते म्हणाले.