पाळण्यातले गहू

वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी एक ग्रीक काकू राहतात. त्यांचे वडील कुठल्याशा बेटावरून आले आणि त्यांनी इथल्या हायवेवर डायनर, म्हणजे साधंसं खाण्याचं हॉटेल, चालवलं. काकूंचा जन्म इकडचा, नातवंडं तर इंग्रजीशिवाय तोंड उघडत नाहीत. स्वयंपाकघरात शिरल्या की मात्र काकू अजून त्या बेटावरच असतात.

माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. बरेच दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. घरी आणली तरी पुण्याहून आलेल्या माझ्या आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. जरा बाळ निजलं की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मी तिला हसायचे आणि तिची पाठ वळली की तेच करायचे.

बारशाच्या दिवशी, रविवारी, मी आंघोळीला गेले असताना काकू चर्चमधून येऊन आईच्या हातात एक ताट देऊन गेल्या. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बेदाणे, वर पिठीसाखर. आई हरखलीच. "अगं, घुगऱ्या! यांच्यातही करतात बारशाला!" आमचे हरभरे भिजवायचे राहिले म्हणून तिची सकाळपासून चिडचिड चालली होती. तिने तेच गहू पाळण्याच्या कोपऱ्यांत ठेवले. आम्ही दोघींनी वाटीभर खाल्लेसुद्धा.

दुपारी काकू बारशाला आल्या आणि पाळण्यात बघून चपापल्या. "हे तर माझ्या मिस्टरांच्या वर्षश्राद्धाचे," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. आईने माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखलं, मग सांगावंच लागलं. ती पांढरीफटक पडली.

"श्राद्धाचं अन्न मी लेकराच्या पाळण्यात ठेवलं?"

मीही बाळाच्या नाकाशी बोट धरलं. एवढी शिकलेली मी, पण धरलं. आई घाईघाईने दाणे वेचायला लागली.

काकूंनी तिचा हात धरला. त्या बोलत गेल्या, मी मराठीत सांगत गेले. "गहू मातीत जातो आणि उगवून येतो, म्हणून गेलेल्या माणसासाठी गहू. मागे राहिलेल्यांना आमचे लोक म्हणतात, तुम्हाला आयुष्य लाभो. आज चर्चमध्ये प्रत्येकजण मला तेच म्हणत होता. मला आता कितीसं लागणार? ते मी हिला देते."

माझा जीव भांड्यात पडला. आईने डोळे पुसले, वेचलेले दाणे परत कोपऱ्यात ठेवले आणि पाळण्याची दोरी काकूंच्या हातात दिली.