पडलेल्या दगडांची भिंत

आईने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाटलाच्या गड्याने काठीच्या टोकाने ती उडवून दिली. जुन्या लुगड्याची ती गोल वळकटी धुळीत उलगडत गेली.

"चोरीच्या मालाला चुंबळ कशाला?" तो म्हणाला. "आशीच ने."

आत्याला पुढे बोलावले. ती माझ्या बापाची थोरली बहीण, आमच्याच घरी राहणारी. आमच्याच भिंतीचा वरचा दगड तिने काढला आणि आईच्या उघड्या डोक्यावर ठेवला. ठेवताना तिने डोळे मिटून घेतले होते. वैशाखाची दुपार. दगड तव्यासारखा तापलेला. आईच्या मानेची शीर ताठ झाली. पाटील लिंबाच्या सावलीत उभा होता. त्याला घाई नव्हती.

ती भिंत माझ्यासाठी बांधलेली होती.

सोलापूरच्या पुढे मैंदर्गीच्या वाटेवर आमचे गाव. महारवाड्यातले शेवटचे घर आमचे. त्याला लागूनच ओढ्याकडे जाणारी गुरांची वाट. दोन काठ्यांना गोधडी बांधायची आणि तिच्या आडोशाला न्हाऊन घ्यायचे, ही आमच्या घरातल्या बायांची न्हाणी. मी न्हातीधुती झाले आणि त्या वाटेवरची पावले आमच्या दाराशी मंदावू लागली. एकदा गोधडीची कड बाहेरून उचलली गेली. काठीने. बाहेर दोघे-तिघे हसले. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला, आणि अंगावरचे पाणी अंगावरच थंड झाले.

दुसऱ्या दिवशी आई दगड गोळा करू लागली.

बाप कुर्डुवाडीला रेल्वेच्या कामावर होता. सणावारी यायचा. त्यामुळे भिंत आम्ही तिघींनीच बांधली. गावाभोवतीचे कूस, म्हणजे जुना दगडी तट, पश्चिमेला माझ्या जन्माआधीच ढासळले होते. त्याचे दगड घाणेरीच्या जाळीत पसरले होते आणि त्यांच्याखाली विंचू नांदत होते. ते दगड घ्यायला आईला कुणाला विचारावेसे वाटले नाही. तिचा हिशोब पिढ्यांचा होता. मेलेले ढोर आमचे. अंगावरून उतरलेले कापड आमचे. ताटात उरलेली भाकरी आमची. मग पडलेला दगड तरी दुसऱ्या कुणाचा असणार?

मोठे दगड पायाला घातले. सांदीत चिपा ठोकल्या, चिपांवर ओली माती लिंपली. काही दगडांची एक बाजू घडीव होती. कुणा जुन्या पाथरवटाच्या छिन्नीचे बारीक दाणे बोटांना लागत. मातीचे पाणी त्यांच्यावर सांडले की तापल्या दगडातून लोखंडासारखा वास उठे. माझ्या तळहातांची कातडी गेली. आत्या तिच्या अर्ध्या कानडी बोलीत म्हणायची की ह्या पोरीला आता सोयरीक नको, गवंड्याचा दाखला द्या.

भिंत खांद्याला लागली, तेव्हा मी पहिल्यांदा उन्हात न्हाले. पाठीवर ऊन पडले. माझ्या पाठीला तोवर ऊन ठाऊक नव्हते. मी पुष्कळ वेळ पाणी न घेता तशीच बसून राहिले.

त्यानंतर गाव गप्प झाले. गुरे घेऊन जाणारे आमच्या दारावरून मुकाट जाऊ लागले. नजर जमिनीकडे. आई गावात झाडायला जाऊन येई आणि सांगे, आज कुणी शिवी दिली नाही. हे ती आनंदाने सांगत नसे. भाकरी रोजच्यासारखीच मिळे, पण थोड्या जास्त अंतरावरून पडे. तेलवाला आमची आळी टाळून जाऊ लागला. आत्याची मस्करी आटली. संध्याकाळी आम्ही तिघी भिंतीला पाठ लावून बसायचो. दगडांतली दिवसाची ऊब पाठीला लागत असायची, आणि गावाकडून काही येते आहे का, म्हणून कान तिकडे लागलेले असायचे.

पाटील आणि त्याचे गडी भरदुपारी आले. पाटलाने काठीने भिंतीकडे दाखवले आणि दगड कुणाचे म्हणून विचारले.

आई वाकली. "जोहार, मायबाप. पडल्यालं व्हतं. पडल्यालं आमचंच आसतंय की."

पाटील तिच्याकडे पाहत राहिला. लहान लेकराला समजावावे तशा आवाजात तो म्हणाला, "पडल्यालं न्यायचं. खायचं, नेसायचं. उभं करायचं न्हाय."

इतकी स्पष्ट गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. त्याचा दगडावर राग नव्हता. जाळीत विंचवांवर दगड पडून असता, तर शंभर वर्षे तसाच राहिला असता. तो उठून उभा राहिला, हा गुन्हा.

मग चुंबळ उडाली. दगड कुसाच्या खिंडाराशी नेऊन टाकायचे, असा हुकूम झाला. आईच्या मागे आत्या, आत्याच्या मागे मी. तिथे पोचल्यावर आत्याने ओझे उतरवले, कमरेवर हात ठेवला आणि इतक्या दिवसांची गिळलेली मस्करी तिच्या तोंडातून निसटली.

"पाटील, ह्यो दगड आमी शिवलाय. ह्येला टेकून आंग चोळलंय. ह्येचं कूस बांदलं तर समदं गाव इटाळंल की."

गड्यांपैकी एकजण हसला. पाटलाने त्याच्याकडे पाहिले तसे ते हसू मावळले.

"म्हातारी खरं बोलती," पाटील शांतपणे म्हणाला. "गावात नगंत ही दगडं. टाका त्येंच्याच आडात."

गावच्या विहिरीवर आम्हाला पाऊल टाकता येत नव्हते. ओढा आटला होता. सारा महारवाडा त्या एका आडावर जगत होता. तो आम्हीच आमच्या हातांनी बुजवायचा होता.

आम्ही दगड पुन्हा उचलले. महारवाड्याच्या दारादारांत माणसे उभी होती. आई आडाच्या काठाशी गेली आणि खाली पाहत राहिली. मग तिची मान एका बाजूला कलली. दगड गेला. खालून एक जाड, भरलेला आवाज वर आला. पाण्याने आवंढा गिळावा तसा.

आत्याच्या हातातून दगड काठाशीच गळून पडला आणि ती मटकन खाली बसली. मग माझी पाळी आली.

दगड मी छातीशी धरला होता. गडी म्हणाला, टाक. मी उभीच. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा आई माझ्या जवळ आली. तिच्या कपाळावर रक्ताचा बारीक ओघळ होता.

"टाक, बाई," ती म्हणाली. "टाक आन मोकळी हो."

पाटलाला नाही म्हणणे सोपे होते. आईला नाही म्हणताना मी तिच्या कपाळावरून नजर काढून घेतली. मी दगड आडाच्या तोंडाशी ठेवला आणि त्याच्यावर बसले.

"म्या न्हाय टाकनार. आड बुजवायचा आसंल तर आदी मला टाका. पर त्यासाटी शिवावं लागंल मला."

गड्याने काठी माझ्या खांद्याला लावून रेटा दिला. मी दोन्ही हातांनी ती काठी धरली. जळता इंगळ हाताला लागावा तशी त्याने ती सोडली. पुढे कुणी आले नाही. सगळे पाटलाच्या तोंडाकडे पाहू लागले, आणि पाटील माझ्याकडे.

"ऱ्हाऊ द्या आज," तो म्हणाला. "आड कुटं जातोय? आन ही तरी कुटं जाती?"

ते गेले. पायांचा आवाज गेला तरी कुणी दारातून हलले नाही. काही वेळाने एका म्हाताऱ्याने मला सुनावले की मी महारवाड्याला आग लावली. दुसरे कुणी म्हणाले, आत्ताच जाऊन पाटलाचे पाय धर. आईने मला विचारले, उद्या भाकर बंद झाली तर खायचे काय? मी दगडावरून उठले नाही.

दिवस मावळला. गावाकडे एकही दिवा दिसेना. एकही कुत्रे भुंकेना. आडातून ओल वर येत होती आणि तळव्यांना गार लागत होती. पाटलाच्या माणसांचे येणे चुकणार नव्हते. आज नाही तर सुगीला, सुगीला नाही तर शिमग्याला. मी ते ओळखून होते, आणि ओळखूनच बसले होते. ह्या पाण्यात मी दगड टाकणार नाही. माझ्या आईला पुन्हा टाकू देणार नाही. ज्याला टाकायचा असेल, त्याने आधी मला हात लावावा.