नववा परिच्छेद

वकिलीची सनद मिळाल्यावर मी रत्नागिरीतल्या एका मॅडमच्या ऑफिसात बसायला लागले. मला कामं दोनच होती. मॅडमचे इंग्रजी मसुदे तपासायचे आणि आलेल्या पक्षकाराची हकिकत लिहून घ्यायची. पहिलं मला जमत होतं. दुसऱ्यासाठी माणसांशी बोलावं लागतं.

एक दिवस एक मावशी पक्षकार म्हणून आल्या, लांज्याच्या अलीकडच्या एका गावातून, एसटीने. वय पन्नाशीचं. दर हंगामात त्या एका बागायतदाराकडे आंबे निवडायला जायच्या. गवतात पिकत घातलेल्या आंब्यांतून तयार झालेले बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. वीस वर्षं करत होत्या आणि त्यांनी निवडलेली पेटी कुणी उघडून बघत नसे.

दिवाळीनंतर त्यांच्या मानेला गाठी आल्या. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गाठी बसल्या. एप्रिलमध्ये मावशींच्या पेट्यांत हिरवे आंबे जायला लागले. त्यांना हिरवं आणि पिवळं सारखंच दिसत होतं, दोन्ही धुरकट. बागायतदार आधी हसला, मग ओरडला, मग त्याने त्यांना निवडण्यावरून काढलं. मावशींनी बाजारात टोपलीतून चष्मा विकत घेतला. त्याने धूर मोठा दिसायला लागला.

मे महिन्यात शेजाऱ्यांनी त्यांना सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टीबीच्या गोळ्यांमधली एक गोळी त्याच दिवशी बंद करायला लावली. त्या गोळीने काही जणांच्या डोळ्यांची नस बिघडते. ती पेशंटच्या वजनाप्रमाणे द्यायची असते, सुरू करण्याआधी डोळे तपासायचे असतात, आणि दिसण्यात फरक पडला तर लगेच या, असं पेशंटला सांगायचं असतं. त्यांनी हे सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद आणि खाजगी डॉक्टरांचे सात महिन्यांचे केसपेपर घेऊन मावशी आमच्याकडे आल्या. केस करायला त्यांच्या मुंबईला असलेल्या मुलाने फोनवरून सांगितलं होतं.

मी वही उघडली.

"दिसायला कमी झालं हे तुम्ही त्या डॉक्टरांना सांगितलं होतंत ना?"

"हां."

"एप्रिलमध्ये?"

"हां."

"आणि परत मे महिन्यात?"

"हां, बाय."

मी लिहिलं : दोन वेळा सांगितले. माझं अक्षर चांगलं आहे.

मॅडमनी त्यावरून ग्राहक आयोगापुढचा तक्रार अर्ज इंग्रजीत तयार केला, कारण डॉक्टरांच्या विमा कंपनीचे वकील मुंबईचे असणार होते. नववा परिच्छेद असा : तक्रारदाराने सामनेवाल्यांना, म्हणजे डॉक्टरांना, दृष्टी कमी झाल्याचे दोन वेळा सांगितले, तरी त्यांनी औषध चालूच ठेवले. मॅडम म्हणाल्या, "या परिच्छेदावर केस उभी आहे." मला जरा बरं वाटलं, कारण तो माझ्या वहीतून आला होता.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र असतं. त्याच्या शेवटी एक छापील वाक्य येतं, की यातला मजकूर मला मराठीत समजावून सांगितला आहे. हे समजावणं साधारण अर्ध्या मिनिटाचं असतं. 'तुमचंच सगळं लिहिलंय हो, इथे करा सही.' मॅडम त्या दिवशी कोर्टात होत्या आणि मावशी सहीला आल्या होत्या. थोडक्यात सांगायला माणूस धीट लागतो. मी पहिल्या ओळीपासून एकेक वाक्य मराठीत सांगायला सुरुवात केली.

मावशी हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. चौथ्या परिच्छेदात त्यांनी गाठीची बाजू दुरुस्त केली. डावी नाही, उजवी. सहाव्याला म्हणाल्या, "बरोबर." नववा सांगून झाला. मी दहावा सुरू केला.

"थांब बाय. मगाचा काय बोललीस?"

मी परत सांगितलं.

"ह्या मी नाय बोलले."

"तुम्हीच सांगितलं होतंत. मी लिहून घेतलंय." मी वही दाखवली. त्यांना ती दिसत नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"तू इचारलंस म्हणून हां बोलले. तू एवढी लिहीत होतीस. नाय कसा बोलायचा?"

मी केसपेपर काढले. मॅडमनी आणि मी ते तारखांसाठी पाहिले होते. सातही कागदांवर इंग्रजीत एकच शेरा होता : तक्रार नाही.

"डॉक्टर काय विचारायचे?"

"कसा हाय आता? मी बोलायची, बरा हाय."

"डोळ्यांचं का नाही सांगितलंत?"

मावशींनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आसपास, पाहिलं. "ते गाठीचे डॉक्टर ना गो. बाहेर एवढी माणसा बसलेली. त्यांना डोळ्यांचा कशाला सांगायचा? गाठ तर त्यांनी बरी केली."

मी नवव्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने फुली मारली.

मॅडम दुपारी आल्या. मी सांगितलं की नववा परिच्छेद खोटा आहे आणि चूक माझी आहे. मावशी बाकावर बसूनच होत्या.

मॅडमनी पंखा वाढवला. "मावशी, हे काढलं तर डॉक्टर म्हणणार, बाईंनी मला सांगितलंच नाही. मग तुमच्या बाजूने काय राहिलं?"

"मी नायच सांगितलाय, म्याडम."

"ते मला कळलं. पण तुमचे डोळे गेलेत, भरपाई मिळायला हवी ना?"

"होवी तर. पण त्यांच्यासमोर उभी ऱ्हायले नि त्यांनी इचारला, मावशी, मला कधी सांगितलास, तर मी काय बोलू?"

"तिथे उभं राहायला लागत नाही. सगळं लेखी असतं."

"लेखी तर लेखी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आता काय करायचं म्हणतेस?"

"मी परत विचारू का?"

"विचार. या वेळी उत्तर तू देऊ नकोस."

मी वहीचं नवं पान घेतलं. गोळ्या देताना डॉक्टर काय म्हणाले? जेवणानंतर घ्या. आणखी? तिखट कमी खा. वजन केलं होतं? मावशी आठवत बसल्या. मी पुढचं वाक्य बोलायचं टाळलं, ते फार कठीण गेलं. मग त्या म्हणाल्या की वजनकाटा होता, पण त्याच्यावर गोळ्यांची खोकी असायची. मी केसपेपर परत पाहिले. वजनाची चौकट सातही ठिकाणी रिकामी होती.

संध्याकाळपर्यंत नववा परिच्छेद नवा झाला. तो असा : मी डॉक्टरांना डोळ्यांबद्दल कधीही सांगितले नाही. या गोळ्यांचा डोळ्यांशी संबंध असतो हे मला कोणी सांगितले नव्हते. माझे डोळे तपासले नाहीत व वजन केले नाही. मॅडमनी तो दोनदा वाचला. "असला अर्ज मी आजवर दाखल केलेला नाही," म्हणाल्या. कौतुक होतं की तक्रार, ते कळलं नाही. मावशींनी सही केली. सहीची जागा दिसेना, म्हणून मी तिथे पट्टी धरली.

डॉक्टरांचं उत्तर मुंबईहून आलं, अठरा पानांचं. त्यातली बारा पानं तक्रारदार बाईंनी कधीच तक्रार केली नाही हे सिद्ध करण्यात गेली होती. मॅडमनी समासात पेन्सिलीने लिहिलं : मान्य. पुढची सहा पानं आम्ही दोघींनी सावकाश वाचली. डोळे कधी तपासले, वजन किती भरलं, बाईंना काय सांगितलं, यातलं एकही त्यात नव्हतं.

निकाल अजून लागायचा आहे. नजर थोडी परत आली आहे. जेवढी आली तेवढीच, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. या हंगामात मावशी त्याच बागायतदाराकडे पेट्यांत गवत भरतात. आंबे निवडायला तिथे आता दोन बायका लागतात.