हाताला लागलेला गोल

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, तरी शनिवारी सकाळी आमच्या फुटबॉल टीमचा स्ट्रायकर मीच. माझ्याइतका पळायला आळशी माणूस मैदानावर दुसरा नसेल. पण चेंडू कुठे पडणार हे मला इतरांच्या आधी कळतं. ही विद्या मी टीव्हीवर एका जर्मन स्ट्रायकरला बघून उचलली.

त्याची गोष्ट मी टीमला चहावर इतक्यांदा ऐकवली होती की मी तोंड उघडलं की पोरं हसायची. लहानपणी परक्या देशातून आलेला, भाषेचा गंध नाही. सुतारकाम शिकला, मोठ्या क्लबात उशिरा पोचला आणि मग डोक्याने गोलांचा रतीब घातला. एकदा चेंडू हाताला लागून आत गेला, तर स्वतः रेफरीला सांगून गोल रद्द करून घेतला. हे शेवटचं मी थाटात सांगायचो, जणू तो माझा मावसभाऊच.

आमचा कॅप्टन रत्नागिरीचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सीझनच्या शेवटच्या मॅचआधी त्याने सरळ सांगितलं, आज तुमचा गोल झाला नाही तर पुढच्या सीझनला तुमच्या जागी तरुण पोरगा घेईन. मला राग आला. त्याचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

दोन मिनिटं उरली होती, बरोबरी होती. कॉर्नरवर मी उडी मारली आणि चेंडू मनगटाला लागून जाळ्यात गेला. रेफरीने गोल दिला. खोटं कशाला बोलू, मीही नाचलो. पोरांच्या गराड्यातून डोकं वर काढलं, तर कॅप्टन लांब उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याने पाहिलं होतं, आणि तो गप्प होता.

त्या गप्प बसण्याचा मला संताप आला. दोन वर्षं गोष्ट काय भिंतीला सांगितली? मी रेफरीकडे गेलो.

"भाई, हाथ लगा था."

गोल रद्द झाला, मॅच बरोबरीत सुटली, माझी जागा गेली. घरी येऊन बूट बाल्कनीत फेकले. बायकोशीही धड बोललो नाही. फार वाईट वाटलं.

नव्या सीझनआधी कॅप्टनचा फोन आला.

"काका, रेफरी म्हणून सगळ्या टीमांनी तुमचंच नाव दिलंय. शनिवारी शिट्टी घेऊन या. यल्ला, चला, नाही म्हणू नका."

पहिल्याच मॅचमध्ये चेंडू हाताला लागला म्हणून मी कॅप्टनचा गोल नाकारला. त्याने हुज्जत घातली नाही.